चावी

ग्रामपंचायतीची पाटी उतरवली
तेव्हा मागची भिंत हातभर पांढरी निघाली,
आणि दोन पाली.
नगरपरिषदेची पाटी अजून इचलकरंजीत रंगतीय म्हणं.
तवर आमचं गाव
खेडंबी न्हाई, शहरबी न्हाई.

मला बोलावणं आलं रात्री नवाला,
सयाजी नेजदाराच्या चांदीच्या दुकानावरची खोली.
पक्षाची बैठक. अठरा खुर्च्या, पंचवीस माणसं.
टेबलावर गावाचा नकाशा,
पंख्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
पैंजणांची चार पुडकी.
भूपाल मास्तर जाहीरनामा लिहीत होते.
सातवीत मला शुद्धलेखन त्यांनीच शिकवलं.
मी शिकलो न्हाई, ती गोष्ट वेगळी.

'दौलू, तू चावीवाला. चोवीस तास पाणी देता येईल का?'
मी म्हटलं, टाकी दीड लाख लिटरची,
माणसं अकरा हजार, म्हशी मोजल्याच न्हाईत,
आणि सणगर गल्लीची पाइप सत्त्याहत्तर सालची,
ती खोकली की पुढं सगळं कोरडं.
मास्तरांनी मन लावून ऐकलं.
मान डोलवली.
लिहिलं: चोवीस तास पाणी.
'तास'खाली पट्टीनं रेघ मारली.

मग सहा घंटागाड्या.
मग तालमीला मॅट.
मग स्मशानाला नवं शेड, पुराच्या रेषेच्या वर.
हे मात्र बरं झालं.
मागच्या पुरात गौराक्काला दोन दिवस
शाळेच्या व्हरांड्यात बर्फावर ठेवलेली,
फळ्यावर सतराचा पाढा तसाच.

घरफाळा तीन वर्षं वाढणार न्हाई.
'आणि नंतर?' दिलशाद मुजावरनं विचारलं.
प्रभाग सात, महिला राखीव.
तिचा नवरा हसला, म्हणून सगळे हसले.
ती न्हाई.

नकाशात गल्ल्यांना नावंच नव्हती,
नुसते आकडे.
मी बोटानं माझे व्हॉल्व्ह शोधत होतो.
पिंपळाखालचा, दर्ग्यामागचा,
आणि तो उलटा बसलेला
जो उजवीकडं फिरवला की सुटतो.
एकबी छापला नव्हता.

चहा आला. सयाजीरावांनी खुर्ची जवळ ओढली,
आवाज बशीत ओतल्यागत केला.
'पयली पाळी कुठल्या गल्लीची असती रं?'
सांगितलं.
'आणि शेवटची?'
तीबी सांगितली.
पेन्सिलीनं दोन खुणा झाल्या.
'जरा इकडचं तिकडं झालं, तर कुणाला कळतंय?
आणि तुला कायम करायचं बघू की.
सतरा वर्षं रोजंदारी म्हणजे काय चेष्टा हाय?'

कळतं की, सायेब.
रांगेतली एक घागर वीतभर सरकली तरी कळतं.
असं मी बोललो न्हाई.
मी चहा पीत होतो, त्यांचाच.

पहाटे चारला निघालो, चावी खांद्यावर,
साडेतीन फूट लोखंड.
दर्ग्यामागं कुणीतरी उभं.
'दौलूभाऊ, मीच हाय.'
डोक्यावर पदर, हातात बॅटरी,
आणि जाहीरनाम्याची झेरॉक्स, कोऱ्या बाजूनं घडी घातलेली.
'माझ्या वॉर्डाचे व्हॉल्व्ह किती? कुठं कुठं?
त्यांनी नकाशा दिला, त्यात तर काहीच न्हाई.'

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली,
गुडघ्यावर कागद, बॅटरी दातात.
किती वाजता, किती मिनिटं, कुणानंतर कोण.
खुणांचंबी सांगितलं.
ते लिहिलं न्हाई तिनं. नुसती बघत राहिली.

मग म्हणाली, 'द्या बघू, किती जड असती.'
दोन्ही हातांनी चावी खड्ड्यात सोडली,
डावीकडं जोर लावला. बांगड्या वर सरकल्या.
काही हललं न्हाई.
'हा उलटा हाय, वहिनी. उजवीकडं.'

कुरकुरलं.
जमिनीखालनं काहीतरी निघालं,
गल्लीच्या टोकाला कुणाचातरी नळ फुरफुरला.
पाणी न्हाई अजून.
आधी हवा येती.